तक्रार कुठून परत फिरते? विदर्भातल्या खेड्यांत जात, स्त्री आणि कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा अभ्यासताना

समाजशास्त्र आणि समाजकार्याच्या वर्गांतून या विषयावर निघणारे बरेच प्रबंध एकाच साच्याचे असतात. 'अमुक तालुक्यातील कौटुंबिक हिंसाचार : एक अभ्यास' असं नाव, साठ प्रश्नांची प्रश्नावली, शंभर बायका आणि शेवटी टक्केवारीचे तक्ते. त्यातून नवं फारसं निघत नाही. घरात मारझोड किती होते, हे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाने कितीतरी मोठ्या नमुन्यावर मोजून ठेवलंय. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत लग्न झालेल्या १८ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी २९.३ टक्क्यांनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसल्याचं सांगितलं. हिंसा सोसलेल्यांपैकी मदत मागितली ती १४ टक्क्यांच्या आसपास स्त्रियांनी.

एसटीचा पास आणि एक वही एवढ्यावर काम करणाऱ्या विद्यार्थ्याने या दुसऱ्या आकड्याच्या मागे जावं. मदत मागणारी बाई कोणाकडे गेली, तिथे काय झालं, ती कुठून परत फिरली, आणि या वाटेवर तिची जात, जमीन आणि गाव कुठे आडवं आलं? खेड्यात कोर्टाच्या आधी बरीच दारं लागतात: माहेर, शेजार, बचत गट, पोलीस पाटील, तंटामुक्त समिती, जात पंचायत, ठाणं, पोलिसांचा महिला कक्ष किंवा भरोसा सेल, सखी केंद्र (पीडित बायकांना एकाच छताखाली मदत देणारं सरकारी केंद्र), संरक्षण अधिकारी (कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली नेमलेला), वकील. यातलं कुठलं दार कोणासाठी उघडतं, हा तुमचा प्रश्न. पुढचं सगळं त्याच्याभोवती आहे.

आधी कायदा नीट वाचा

कायद्याचं पुस्तक न उघडता गावात जाऊ नका. 'कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५' हा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. पहिल्यांदा निदान कलम २, ३, ९, १२, १७ ते २३ आणि ३१ एवढी वाचा. कलम ३ मध्ये शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-भावनिक आणि आर्थिक असे छळाचे प्रकार आहेत. कलम १२ खाली प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याकडे अर्ज जातो. १८ खाली संरक्षण आदेश, १९ खाली राहण्याचा हक्क, २० खाली पैसे, २१ खाली मुलांचा तात्पुरता ताबा, २२ खाली भरपाई, २३ खाली अंतरिम आदेश. पहिली तारीख साधारणपणे तीन दिवसांत लागावी आणि पहिल्या तारखेपासून साठ दिवसांत निकाल देण्याचा प्रयत्न व्हावा, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्ष फाइलींतल्या तारखा याच्याशेजारी लिहून पाहिल्या की अभ्यासाचा एक अख्खा तक्ता उभा राहतो. अर्ज कधी, नोटीस कधी निघाली, कधी लागली, अंतरिम आदेश कधी? बहुतेक फाइली नोटिशीपाशी अडकतात, कारण नवरा पुण्याकडे नाहीतर हैदराबादकडे कामाला गेलेला असतो आणि घरचे कागद घेत नाहीत.

याच्या शेजारून दोन वाटा जातात. नवरा आणि सासरच्यांनी केलेल्या छळाला शिक्षा देणारं जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम ४९८-अ १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ आणि ८६ मध्ये आलंय. पोटगीचं कलम १२५ आता नागरिक सुरक्षा संहितेत १४४ आहे. वकील आणि पोलीस मात्र अजून 'चारशे अठ्ठ्याण्णव' आणि 'एकशे पंचवीस'च म्हणतात, आणि बाई तिन्हींना 'केस टाकली' म्हणते. मुलाखतीत हे वेगळं करायचं असेल तर कलम विचारू नका. कागद ठाण्यात लिहिला की वकिलाने? तारीख कुठल्या कोर्टात असते? पैशाचा हुकूम झाला की नवऱ्याला अटक? एवढ्या तीन प्रश्नांत उलगडतं. घरी कागद असेल आणि तिने स्वतःहून दाखवला, तर पहिल्या पानावरचं कलम टिपून घ्या. फोटो काढू नका.

आकड्यांमधला सगळ्यात मोठा घोटाळा इथेच होतो. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालात कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली अख्ख्या देशात वर्षाला काही शेच गुन्हे दिसतात. नवखा संशोधक लगेच लिहून टाकतो की कायदा कोणी वापरतच नाही. कलम १२ चा अर्ज हा मुळात पोलिसांकडे नोंदवायचा गुन्हा नव्हे. तो थेट कोर्टात जातो. पोलिसांच्या आकड्यात येतो तो कलम ३१ खालचा आदेशभंग, म्हणजे आदेश मिळाल्यानंतर तो मोडला तरच. अर्ज मोजायचे तर कोर्टाकडे आणि संरक्षण अधिकाऱ्याकडेच जावं लागतं.

आणखी दोन निकाल जवळ ठेवा. २०१६ च्या हिरल हरसोरा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने प्रतिवादीच्या व्याख्येतले 'प्रौढ पुरुष' हे शब्द काढून टाकले, त्यामुळे सासू-नणंदेविरुद्धही अर्ज चालतो. ऑक्टोबर २०२० मधल्या सतीशचंदर आहुजा निकालाने सासऱ्याच्या नावावरच्या घरातही सुनेला 'सामायिक घर' म्हणून राहण्याचा हक्क मागता येतो हे स्पष्ट केलं. विदर्भात सातबारा आणि घर दोन्ही सासऱ्याच्या नावावर असण्याचं प्रमाण पाहता, हा दुसरा निकाल वकिलाला माहीत आहे की नाही यावर बाईचं बरंच काही ठरतं.

वंशाचं संशोधन जातीला लावताना

या विषयावरचं सिद्धान्ताचं बरंचसं वाचन अमेरिकेतून येतं. तिथले प्रश्न कृष्णवर्णीय, लॅटिन आणि स्थलांतरित स्त्रियांचे आहेत. ते वाचावं, पण उचलून इथे चिकटवू नये. जात म्हणजे वंश नव्हे. २००१ च्या डर्बन इथल्या वंशभेदविरोधी जागतिक परिषदेत जातीचा समावेश करण्यावरून दलित संघटना आणि भारत सरकार यांच्यात जो वाद झाला, तो आधी समजून घ्या.

घेण्यासारख्या गोष्टी दोन. अमेरिकी कायदे-अभ्यासक किंबर्ले क्रेनशॉ यांनी १९९१ च्या लेखात लॉस एंजेलिसमधल्या गोरेतर वस्त्यांच्या आश्रयगृहांचा अभ्यास मांडला. त्यांनी पोलिसांकडे ठाणेनिहाय आकडे मागितले, तेव्हा ते मिळाले नाहीत. एक भीती अशी होती की हे आकडे 'या लोकांत मारहाण चालतेच' असं ठरवायला वापरले जातील. दुसरी अशी की हा प्रश्न फक्त अल्पसंख्याकांचा म्हणून बाजूला टाकला जाईल. हीच पंचाईत तुमच्या तक्त्यांत आहे. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात अनुसूचित जातींच्या स्त्रियांमधलं प्रमाण 'इतर' गटापेक्षा जास्त दिसतं, आणि घरची ऐपत वाढते तसं प्रमाण कमी होताना दिसतं. जातीचा तक्ता ऐपतीच्या तक्त्याविना छापला, तर तो तालुक्याच्या ठिकाणी कसा वाचला जाईल हे वेगळं सांगायला नको. इभ्रतीपायी गप्प बसवलेली पाटलाची सून त्यात 'हिंसा नाही' अशीच नोंदली गेलेली असते.

दुसरी गोष्ट अटकेच्या प्रयोगांची. १९८१-८२ मध्ये मिनियापोलिसमध्ये मारणाऱ्याला अटक केल्यावर पुन्हा मारहाण कमी होते असं दिसलं आणि बऱ्याच राज्यांनी सक्तीच्या अटकेचं धोरण घेतलं. पुढे मिलवॉकीत तोच प्रयोग केल्यावर नोकरी असलेल्यांवर अटकेचा धाक बसला, बेरोजगारांच्या बाबतीत मारहाण उलट वाढली. ज्याच्याजवळ गमावण्यासारखं काही आहे त्यालाच धाक बसतो. आपल्याकडे सरकारी नोकर ४८ तासांपेक्षा जास्त कोठडीत राहिला तर महाराष्ट्राच्या सेवा नियमांनुसार निलंबित मानला जातो. म्हणून जिल्हा परिषदेच्या शिक्षकाला ४९८ ची नुसती धमकी पुरते. सोयाबीन काढणीला जाणाऱ्या मजुराला ती पुरत नाही, आणि तो आत गेला की त्या दिवसाची मजुरी बाईच्याच चुलीतून जाते. २०१४ च्या अर्नेश कुमार निकालानंतर अटक आपोआप होत नाही, हेही यात धरा.

सिद्धान्तासाठी घरातलंच वाचन कमी नाही. गोपाळ गुरू यांनी १९९५ मध्ये आणि शर्मिला रेगे यांनी १९९८ मध्ये दलित स्त्रियांच्या वेगळ्या बोलण्याबद्दल जो वाद उभा केला, तो अमेरिकी लेखांच्या आधी वाचला तर प्रश्न जास्त चांगले सुचतात.

तालुके निवडणं

अकराही जिल्हे घेऊ नका. दोन तालुके पुरेत, पण ते एकमेकांहून वेगळे हवेत. एक कापसाचा, म्हणजे कुणबी, तेली, बौद्ध, बंजारा आणि कोलाम अशी वस्ती असलेला, यवतमाळकडचा. दुसरा धानाचा आणि जंगलाचा, पूर्वेकडे. भामरागडसारख्या ठिकाणाहून जिल्ह्याचं गाव पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास पडतं. तिथल्या बाईसाठी 'संरक्षण अधिकाऱ्याकडे जा' याचा अर्थ काय होतो, ते नकाशावर एसटीच्या वेळा लिहिल्याशिवाय कळत नाही. गाव निवडताना ठाण्यापासूनचं अंतर, तालुका कोर्टापासूनचं अंतर, दिवसाच्या बसफेऱ्या आणि शेवटची परतीची बस हे चार रकाने भराच.

दारूबंदीचा मोह टाळा. वर्ध्यात १९७० च्या दशकापासून, गडचिरोलीत १९९३ पासून, चंद्रपुरात २०१५ ते २०२१ अशी बंदी होती किंवा आहे, म्हणून 'बंदीने मारहाण कमी झाली का' हा प्रश्न फार सोपा वाटतो. बायका स्वतःही दारूचंच नाव पहिलं घेतात. पण चोरटी दारू, पोलिसांची नोंद करण्याची सवय, मजुरीतले बदल हे सगळं एकाच वेळी हलत असतं. दोन तालुक्यांच्या तुलनेतून त्याचं उत्तर निघणार नाही.

वेळही पाहा. तेंदूच्या दिवसांत, एप्रिल-मेमध्ये, बायका पहाटेपासून जंगलात असतात. कापूस वेचणीच्या हंगामात त्यांची मजुरी किलोवर असते, तुमचा एक तास म्हणजे त्यांचे काही किलो. दिवाळी-भाऊबीजेला लेकी माहेरी येतात. सासरच्या घरी जे बोलता येत नाही ते त्या आठवड्यात बोलता येतं.

कागद कसे मिळवायचे

संरक्षण अधिकारी बसतो महिला व बालविकास विभागात. त्याच्याकडे 'घरगुती घटना अहवाल', ज्याला सगळे डीआयआर म्हणतात, तो नमुना १ मध्ये भरला जातो. तुम्हाला बायकांची नावं नकोत, संख्या हवी. माहिती अधिकारात मागताना महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा असते. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. उत्तर तीस दिवसांत यायला हवं, नाही आलं तर पहिल्या अपिलाला २० रुपये. त्यापुढच्या अपिलासाठी राज्य माहिती आयोगाची खंडपीठं नागपूर आणि अमरावतीला आहेत. 'सर्व प्रकरणांची माहिती द्या' असं लिहिलं की 'वैयक्तिक माहिती' म्हणून नकार ठरलेला. त्याऐवजी असं विचारा: अमुक तालुका, अमुक तीन आर्थिक वर्षं, दरवर्षी किती डीआयआर भरले, किती कोर्टात पाठवले, किती समुपदेशनात संपले, संरक्षण अधिकाऱ्याचं पद किती महिने रिक्त किंवा अतिरिक्त कार्यभारावर होतं. शेवटचा प्रश्न विसरू नका. एका माणसाकडे चार टेबलं असली की डीआयआरची संख्या हिंसेबद्दल काही सांगत नाही, त्या माणसाच्या आठवड्याबद्दल सांगते.

नमुना १ मध्ये जातीचा रकानाच नाही. पीडितेचं नाव, वय, पत्ता, मुलं, प्रतिवादी, घटना एवढंच आहे. म्हणून जात आणि कायदा यांचा संबंध नोंदवहीतून काढता येईल ही आशा आधीच सोडा. आडनावावरून जात लावणं तर सरळ चूक. 'मेश्राम' बौद्धही असतात आणि गोंडही. 'पवार' मराठा, बंजारा, पारधी, पोवार यांपैकी कोणीही असू शकतो. 'राठोड' एवढंच त्यातल्या त्यात सोपं.

कोर्टात बसायला सहसा हरकत नसते, पण कलम १६ खाली सुनावणी बंद खोलीत होऊ शकते. तसं सांगितलं की उठा. पक्षकार नसताना फाइलीची नक्कल हवी असेल तर न्यायाधीशांची परवानगी लागते. विभागप्रमुखांचं पत्र आणि नावं गाळण्याची लेखी हमी सोबत द्या. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर तारखा दिसतात, पण एकाच प्रकारचे अर्ज वेगवेगळ्या नावांखाली नोंदलेले सापडतात. आधी कोर्टातल्या लिपिकाला विचारून घ्या की इथे डीव्हीचे (म्हणजे कौटुंबिक हिंसाचार कायद्याचे) अर्ज कुठल्या प्रकारात चढवतात.

निकालपत्र वाचताना भाषेवर लक्ष ठेवा. विदर्भातच याचं मोठं उदाहरण आहे. २६ मार्च १९७२ ला देसाईगंजच्या ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. सत्र न्यायालयाने पोलिसांना सोडलं, नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली, सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडलं. तिच्या चारित्र्याबद्दल आणि अंगावर खुणा नसण्याबद्दल कोर्टांनी काय लिहिलं, ते वाचूनच चार प्राध्यापकांनी १९७९ मध्ये उघडं पत्र लिहिलं आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. तालुका कोर्टाच्या दोन पानी हुकमातही 'अर्जदार कोणत्या समाजाची, तिच्यात फारकत चालते का' अशा ओळी येतात का ते पाहा, आणि त्या निकालाकडे कशा झुकतात तेही.

जात, जमीन, घर

जात बाईलाच विचारा, मुलाखतीच्या शेवटी, आणि ती जशी सांगेल तशीच लिहा. 'बौद्ध' म्हणाली तर बौद्ध; दाखल्यावर काही असलं तरी तो वेगळा रकाना. 'ओबीसी' असा एकच डबा करू नका, कारण पाच एकरवाला कुणबी आणि गावात एकच घर असलेला परीट त्यात शेजारी बसतात. बंजारा इथे विमुक्त जातीत येतात, सीमेपलीकडे तेलंगणात अनुसूचित जमातीत. सुनेचं माहेर तिकडचं असेल तर हे लागतं. नवऱ्याची जातही स्वतंत्रपणे विचारा. आंतरजातीय लग्नात बाई अनुसूचित जाती-जमातीची आणि नवरा तसा नसेल, तर १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याचा प्रश्न येतो, आणि ठाण्यात तो लावला की टाळला हे नोंदवण्यासारखं असतं.

गोंड, कोलाम, कोरकू बायकांना हिंदू विवाह कायदा आपोआप लागू नाही. कलम २(२) पाहा. २००५ चा कायदा मात्र धर्म-जमात पाहत नाही आणि 'विवाहासारख्या' नात्यालाही धरतो. जेवणावळीला पैसे नाहीत म्हणून विधी राहून गेलेलं जोडपं यात येतं. वकील 'लग्नाचा पुरावा आणा' म्हणाला का, हे विचारा.

घराचा प्रश्न बहुतेक अभ्यासांत एका ओळीत उरकतात, आणि तिथेच जातीचा खरा परिणाम दिसतो. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये घर कोणाच्या नावावर आहे? घरकुल असेल तर कोणाच्या नावाने मंजूर झालं? वनहक्काचा पट्टा असेल तर २००६ च्या कायद्याच्या कलम ४(४) प्रमाणे तो पतिपत्नी दोघांच्या नावाने हवा. तसा आहे का? गावाबाहेरच्या वस्तीत घर अतिक्रमणाच्या जागेवर असतं, कागद काहीच नसतो. मग 'राहण्याचा हक्क' देणारा आदेश कशावर बसणार? दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या बाईला हाच आदेश वाड्याची खोली मिळवून देतो.

बाईशी बोलणं

वीस ते तीस सविस्तर मुलाखती, दहाबारा अधिकारी आणि मध्यस्थ. एका विद्यार्थ्याला यापेक्षा जास्त झेपत नाही. दिवसाला एकच मुलाखत, फार तर दोन. तासाभराचं वऱ्हाडी किंवा झाडीबोलीतलं बोलणं उतरवायला पाचसहा तास जातात.

जागतिक आरोग्य संघटनेचे २००१ चे नैतिक नियम या कामाचा पाया आहेत. एका घरातून एकच बाई. एकांत नसेल तर मुलाखत नाही. दोन वर्षांवरचं मूलही खोलीत नको, कारण ते संध्याकाळी बापाला सांगतं. गावात सांगायचा विषय 'बायकांचं काम, तब्येत आणि सरकारी ऑफिसांचा अनुभव' एवढाच. खरा विषय फक्त तिला, एकटीला, संमती घेताना. संमतीपत्राची प्रत तिच्याकडे ठेवू नका. तोंडी संमती ध्वनिमुद्रित करणं जास्त सुरक्षित, आणि नैतिक समितीकडून तसं आधीच मंजूर करून घ्या. मध्येच सासू आली तर वळायला रेशन, पाणी आणि लाडक्या बहिणीच्या पंधराशे रुपयांचे चारपाच प्रश्न पाठ ठेवा. (ते पंधराशे कोणाच्या हाती जातात, हा पुढे आर्थिक छळाचाही चांगला प्रश्न ठरतो.)

जागा कोणती? आशाताईचं घर सोयीचं वाटतं, पण आशाताईलाही जात आहे आणि नातेवाईक आहेत. दुपारनंतर रिकामी झालेली अंगणवाडी चालते, तिथे बौद्धपुऱ्यातली किंवा पोडावरची (कोलामांच्या वस्तीतली) बाई एरवीही येत असेल तरच. आठवडी बाजाराचा दिवस सगळ्यात बरा. ती तशीही घराबाहेर असते.

तुमचं आडनाव पहिल्या पाच मिनिटांत विचारलं जाईल. खरं सांगा. कुणब्याच्या पोरीला बौद्ध बाई काय सांगते आणि बौद्ध पोरीला काय, यात फरक पडतो. जमल्यास दोन वेगळ्या जातींच्या मुलाखतकार ठेवा आणि कोणती मुलाखत कोणी घेतली हा रकाना तक्त्यात ठेवा. कोलामी, गोंडी, कोरकू किंवा गोरमाटी (बंजारा बोली) बोलणारी दुभाषी बाईच असावी, दुसऱ्या गावची, आणि पगारी.

'तुमच्यावर हिंसा झाली का' या प्रश्नाला बहुतेक 'नाही' येतं. कृती विचारा. घरात भांडण झालं की मंग काय होते? हात उचलला का? रात्री बाहेर काढलं का? मजुरीचे पैसे काढून घेतले का? कोठीची किल्ली कोणाकडे? माहेरी फोन करू देतात का? जातीवरून किंवा माहेरच्या गरिबीवरून बोलतात का? लैंगिक जबरदस्तीचा एकच प्रश्न, शेवटी, नाही म्हणायची मोकळीक देऊन.

यानंतर वाट विचारा, आणि सगळ्यात जास्त वेळ इथेच द्या. कागदावर आडवी रेघ ओढा. पहिल्यांदा कोणाला सांगितलं? त्यांनी काय म्हटलं? तिथून पुढे कोणाकडे, किती दिवसांनी? सोबत कोण होतं? जाण्यायेण्याचं भाडं, झेरॉक्स, वकिलाची फी, बुडालेली मजुरी यांचा हिशेब प्रत्येक टप्प्यावर लिहा. ठाण्यात काय दिलं: गुन्हा, नुसती एनसी (अदखलपात्र नोंद), की समज देऊन परत पाठवलं? शंभराच्या स्टॅम्पवर तडजोडनामा झाला असेल तर तो कोणी लिहिला आणि साक्षीदार कोण? 'परत का गेलात' असं विचारू नका. त्यात ठपका असतो. 'परत जायचं ठरलं तेव्हा पुढे काय काय दिसत होतं' असं विचारलं की मुलाची शाळा, भावजयीचा चेहरा, रेशनकार्डावरचं नाव, सगळं निघतं.

फवारणीचं औषध विदर्भात घराघरात असतं. तिच्या बोलण्यात औषध घेण्याचा, विहिरीचा उल्लेख आला, किंवा नवऱ्याने गळा दाबल्याचं, जिवे मारण्याच्या धमकीचं आलं, तर वही बंद करा. त्या क्षणापासून तुम्ही संशोधक नाही. ११२ तातडीला, १८१ महिला हेल्पलाइन, १४४१६ टेलि-मानस, १५१०० मोफत विधी सेवा. हे आधी स्वतः फोन करून तपासा आणि जिल्ह्यातल्या सखी केंद्रात कोण बसतं ते प्रत्यक्ष जाऊन पाहून या. चिठ्ठीवर लिहून देऊ नका. ती विचारेल तर अंक पाठ करून घ्या. अठरा वर्षांखालच्या मुलीची मुलाखत घेऊ नका. लैंगिक अत्याचार कळला तर पोक्सोच्या कलम १९ खाली तो कळवणं तुमच्यावर बंधनकारक होतं, आणि ही मर्यादा संमती घेतानाच सांगायची असते.

टेबलापलीकडची माणसं

अधिकाऱ्यांना मतं विचारली की भाषण मिळतं. 'नावं न सांगता शेवटच्या पाच प्रकरणांत काय झालं ते सांगा' म्हणा. 'त्यांच्यात चालतंच', 'चांगल्या घरच्या बाया इथे येत नाहीत', 'समजूत काढली' ही वाक्यं जशीच्या तशी टिपा, कोणत्या वस्तीबद्दल बोलताना आली ते शेजारी लिहून. जातीबद्दल थेट विचारून जे मिळत नाही ते यात असतं. २०१३ च्या ललिता कुमारी निकालात दखलपात्र गुन्ह्याची नोंद सक्तीची ठरली, पण वैवाहिक वादांत प्राथमिक चौकशीची मुभा राहिली. ठाणेदार त्या मुभेचा आधार कोणाच्या बाबतीत घेतो, हे दहा प्रकरणं ऐकली की दिसायला लागतं.

तंटामुक्त समित्या १५ ऑगस्ट २००७ ला सुरू झालेल्या मोहिमेतून आल्या. तंटे मिटल्याचे गुण आणि गावाला बक्षीस, अशी ती रचना. बाई परत नांदायला गेली की तंटा मिटला. समितीत किती बायका, कुठल्या जातीच्या, बैठक कोणाच्या ओसरीवर होते आणि कोलाम पोडावरची बाई तिथे बसते की उभी राहते, ते पाहा. जात पंचायतीचं विचारताना जपून. २०१६ च्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्यानंतर दंडाची गोष्ट बाहेरच्याला सांगणं त्या कुटुंबाला महागात पडू शकतं. ते कोणी आपणहून सांगितलं तरच घ्या.

घरी आल्यावर

ध्वनिमुद्रण त्याच संध्याकाळी पासवर्ड असलेल्या लॅपटॉपवर हलवा आणि फोनमधून पुसा. व्हॉट्सॲपवर मार्गदर्शकांना आवाज पाठवू नका. खरी नावं आणि सांकेतिक क्रमांक यांची यादी वेगळ्या जागी, कागदावर.

नाव बदललं म्हणजे ओळख लपली असं नसतं. 'पांढरकवड्याजवळच्या गावातली, कोलाम, बारावी झालेली, अंगणवाडीत मदतनीस' एवढं लिहिलं की तालुक्यात सगळ्यांना ती कळते. जात, गाव, शिक्षण, धंदा यांतल्या दोनपेक्षा जास्त गोष्टी एका बाईबद्दल एकत्र लिहू नका. तक्त्यात एखाद्या खणात पाचपेक्षा कमी बायका येत असतील तर तो खण शेजारच्यात मिसळा. अधिकाऱ्यांचंही तसंच: तालुक्यात संरक्षण अधिकारी एकच असतो, म्हणून पद लिहायचं तर तालुका लिहू नका.

निष्कर्ष मांडताना 'अमुक जातीत हिंसा जास्त' हे वाक्य तुमच्या सामग्रीतून निघूच शकत नाही, कारण नमुना त्यासाठी घेतलेलाच नाही. निघेल ते असं: कोणत्या घरांतल्या बायका माहेरच्या पुढे गेल्याच नाहीत, कोणाचा कागद ठाण्यातून पुढे सरकला, कोणाला वकील मिळाला, नोटीस किती महिन्यांनी लागली, आदेश निघाल्यावर तो कोणत्या घराला लावता आला. हे टप्प्याटप्प्याने लिहा, प्रत्येक टप्प्यावर किती उरल्या आणि का, ते दाखवून.

प्रबंध जमा झाल्यावर त्यातली दोन पानं मराठीत करून जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला आणि महिला व बालविकास कार्यालयाला द्या. रिक्त पदं आणि न लागलेल्या नोटिसांचा भाग त्यांच्या उपयोगाचा असतो. ग्रामसभेत निष्कर्ष वाचून दाखवा असा आग्रह सरपंचांकडून होईल. तिथे कायद्याची माहिती द्या, १८१ फलकावर लावायला सांगा, मुलाखतींमधलं काहीही बोलू नका. गावाचं नाव न घेता सांगितलं तरी लोक त्या ओसरीवर बसल्या बसल्या बाई शोधून काढतात.